वर्षाचा आवडता बोर्डगेम निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरची मंडळी, सोसायटीतला शनिवारचा गट, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डाव मांडणारे सहकारी, कॉलेजचा क्लब अशा ५ ते २५ भिडूंच्या कोणत्याही गटाला डिसेंबर आला की हा प्रश्न पडतो : यंदाचा आपला खेळ कोणता? गप्पांत ठरवायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा खेळ जिंकतो. खाली दिलेली पद्धत वर्षभर थोडी शिस्त मागते, पण शेवटी जो खेळ निवडून येतो तो खरोखर गटाचा असतो.

‘वर्षाचा’ म्हणजे त्याच वर्षी बाजारात आलेला खेळ का?

तसं धरू नका. परदेशी खेळ आपल्याकडे दुकानात पोचायला बरेच महिने लागतात. काही तर नातेवाइकांच्या सामानातून येतात. प्रकाशनाचं वर्ष अट म्हणून लावलं तर यादीत दोन-तीनच नावं उरतील. सोपी व्याख्या अशी : जो खेळ आपल्या टेबलावर या वर्षी पहिल्यांदा उघडला, तो उमेदवार. मग तो १९९५ चा कॅटन (वस्त्या आणि रस्ते उभारायचा खेळ) असला तरी चालेल.

वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजा, पाडवा ते पाडवा मोजा किंवा दिवाळी ते दिवाळी, पण सुरुवातीलाच ठरवून डावांची नोंद ठेवायच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. घरच्या गटाला दिवाळी ते दिवाळी सोयीचं पडतं. उन्हाळ्याची सुट्टी आणि पावसाळा हे खेळाचे दोन्ही मोठे हंगाम त्यात पूर्ण येतात आणि निकालाच्या वेळी माणसंही घरी असतात.

किती वेळा खेळल्यावर खेळ उमेदवार होतो?

किमान ३ डाव, तेही २ वेगवेगळ्या दिवशी, आणि त्यातला निदान एक डाव वेगळ्या भिडूसंख्येचा. ही शेवटची अट जाचक वाटते, पण तिच्यामुळेच खेळ नीट कळतो. अझूल (रंगीत फरश्या उचलून भिंत भरायचा खेळ) दोघांत खेळलात तर समोरचा काय उचलेल याचा हिशेब मांडता येतो. चौघांत खेळलात तर तुमची पाळी येईपर्यंत मधला ढीग ओळखू येत नाही. खोका एकच, पण खेळ दोन. एकाच संख्येवर खेळून दिलेलं मत अर्धवट असतं.

एकदाच खेळलेल्या खेळाबद्दल उत्साह खूप असतो. नव्या खोक्याचा वास, कोरी पुठ्ठ्याची टोकनं, त्या दिवशी जमलेली मैफल हे सगळं त्या गुणांत मिसळलेलं असतं. तिसऱ्या डावापर्यंत हे उतरतं आणि खेळ उरतो.

वहीत नेमकं काय लिहायचं?

शाळेची १०० पानी वही पुरते. प्रत्येक डावाला एक ओळ, आणि ओळीत सहा रकाने :

तारीख · खेळ · भिडूंची नावं · खोका उघडल्यापासून आवरेपर्यंतची मिनिटं · नियम कोणी सांगितले · ‘पुन्हा मांडूया’ म्हणणारे किती

चौथा रकाना महत्त्वाचा. खोक्यावर छापलेली वेळ नियम येणाऱ्यांच्या डावाची असते. त्यात मांडणी, समजावणं आणि आवरणं धरलेलं नसतं. किंगडोमिनोवर (डोमिनो जोडून राज्य मांडायचा खेळ) १५ मिनिटं लिहिलेलं असतं आणि समजावून-आवरून तो २५ मिनिटांत संपतो. कॅटनवर साधारण तास-सव्वा तास लिहिलेलं असतं, पण नवे भिडू असतील तर दोन तास हाताशी ठेवा.

सहावा रकाना डाव संपल्या संपल्या भरा, दुसऱ्या दिवशी नको. ‘छान होता’ हे सगळेच म्हणतात, म्हणून तसं विचारू नका. ‘आत्ता लगेच किंवा पुढच्या वेळी पुन्हा मांडूया का?’ असं विचारा आणि हात मोजा. ४ पैकी ४, ४ पैकी १, एवढंच लिहा.

ज्याचे डाव सर्वांत जास्त, तोच वर्षाचा खेळ, असं केलं तर मतदानाची कटकटच नको ना?

मोह होतो, पण छोटे खेळ त्यात उगाच पुढे जातात. एका संध्याकाळी किंगडोमिनोचे तीन डाव होतात आणि कॅटनचा एकच. म्हणून डाव मोजण्याऐवजी किती वेगवेगळ्या दिवशी खोका उघडला हे मोजा, आणि सोबत किती वेगवेगळ्या माणसांनी तो खेळला हेही पाहा. दोनच माणसं ३० दिवस एकच खेळ खेळत असतील तर तो त्या दोघांचा वर्षाचा खेळ. वहीचा आकडा उमेदवार ठरवायला आणि बरोबरी सोडवायला वापरा.

मत कोणाला? मुलांच्या मताचं काय करायचं?

वर्षात निदान ५ बैठकांना आलेल्या प्रत्येकाला एक मत. मतदानाच्या शेवटच्या टप्प्यात तीन खेळ उरतात, त्यांपैकी निदान दोन खेळलेले असावेत.

मुलांबाबत सरळ रेघ अशी आखा : जे मूल स्वतःची पाळी स्वतः ठरवून खेळतं, त्याला पूर्ण मत. जे अजून लिंबूटिंबू आहे, म्हणजे आई-बाबांच्या मांडीवर बसून सोंगटी हलवतं, त्याला ‘मुलांचा खेळ’ या वेगळ्या निवडीत मत. मुलांचं मत मोठ्यांच्या आधी आणि गुप्त घ्या. सात-आठ वर्षांचं मूल मत देताना बाबांच्या चेहऱ्याकडे बघतं, आणि मग ते मत बाबांचंच दुसऱ्यांदा मोजलं जातं.

हात वर करून का नको?

समजा १२ माणसं आणि ५ खेळ आहेत. हात ४, ३, २, २, १ असे पडले. चार हातांचा खेळ जिंकला, पण उरलेल्या आठ जणांना तो अजिबात नको असू शकतो, आणि हात मोजून ते कधीच कळत नाही. शिवाय पहिला हात कोणाचा वर जातो त्यावर पुढचे हात ठरतात.

मग मतदानाची पद्धत कोणती?

दोन टप्पे करा. प्रत्येक टप्प्याचं काम वेगळं आहे.

*पहिला टप्पा : बरोबरच्या खुणा.* सगळ्या उमेदवार खेळांची यादी छापा किंवा हाताने लिहा. प्रत्येकाने ‘उद्या कोणी मांडला तर मी आनंदाने बसेन’ अशा प्रत्येक खेळापुढे खूण करायची, हव्या तेवढ्या. सर्वांत जास्त खुणांचे ३ खेळ पुढे जातात. इथे मतं फुटत नाहीत, कारण एका खेळाला खूण केल्याने दुसऱ्याचं काहीच जात नाही.

*मधली सुट्टी : ३ ते ४ आठवडे.* तिन्ही खेळ पुन्हा मांडा. मार्चमध्ये आवडलेला खेळ नोव्हेंबरमध्ये तितकाच रमवतो का, हे इथे कळतं. ज्यांचा एखादा राहिला आहे त्यांनाही खेळायला मिळतो. ही पायरी गाळलीत तर शेवटच्या महिन्यात आणलेला खेळ ताज्या आठवणीच्या जोरावर जिंकतो.

*दुसरा टप्पा : पसंतीक्रम.* विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलं असेल तर ही पद्धत ओळखीची आहे. चिठ्ठीवर तीन खेळांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. आधी सगळ्या पहिल्या पसंती मोजा. कोणाला निम्म्यापेक्षा जास्त मिळाल्या तर तो जिंकला. नाही तर सर्वांत कमी मिळालेला खेळ बाद करा आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीनुसार वाटा.

उदाहरण घेऊ. ११ चिठ्ठ्या आहेत. पहिली पसंती : अझूल ४, कॅटन ४, किंगडोमिनो ३. जिंकायला ६ हव्यात, कोणाकडेच नाहीत. किंगडोमिनो बाद. त्याच्या ३ चिठ्ठ्यांपैकी २ वर दुसरी पसंती अझूल आहे, एकीवर कॅटन. अझूल ६, कॅटन ५. अझूल जिंकला.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे कोणीतरी १ ऐवजी ३ म्हणजे ‘सर्वांत जास्त गुण’ असं समजून उलटे आकडे लिहितो. त्यासाठी चिठ्ठीवरच मोठ्या अक्षरांत छापा : १ = सर्वांत आवडता. दुसरी म्हणजे कोणी फक्त १ लिहून सोडून देतो. तो खेळ बाद झाला की ती चिठ्ठी संपते, आणि बहुमत उरलेल्या चिठ्ठ्यांवर मोजावं लागतं. हे आधीच सांगा.

५-४-३-२-१ गुणांची पद्धत कशी आहे?

जर्मनीत डॉइचर श्पीलेप्राइस या पुरस्कारासाठी खेळणारे लोक अशीच पाच नावं क्रमाने देतात. पहिल्याला ५ गुण, पाचव्याला १. हजारो मतांमध्ये ती उत्तम चालते. छोट्या गटात मात्र एक माणूस आवडत्या खेळाचा प्रतिस्पर्धी मुद्दाम यादीतूनच वगळतो आणि ३-४ गुणांनी निकाल फिरतो. उमेदवार ८ पेक्षा कमी असतील तर ही पद्धत वापरू नका. ६ पैकी ५ नावं लिहायची म्हटल्यावर नावडत्या खेळालाही गुण मिळतात.

१० पैकी गुण देऊन सरासरी काढली तर?

काढता येते, पण कमी लोकांनी खेळलेला खेळ उगाच वर जातो. एक खेळ तिघांनीच खेळला आणि गुण दिले ९, ९, १०. बेरीज २८, सरासरी ९.३३. दुसरा ९ जणांनी खेळला, बेरीज ७४, सरासरी ८.२२. तिघांच्या लाडक्या खेळाने नऊ जणांच्या खेळाला हरवलं.

यावर जुना आणि चांगला उपाय आहे : प्रत्येक खेळाला काही ठरावीक मधली मतं आधीच जोडायची. समजा प्रत्येकाला ६ गुणांची ४ मतं जोडली, म्हणजे २४ गुण आणि ४ माणसं वाढली. पहिला खेळ : ५२ भागिले ७, म्हणजे ७.४३. दुसरा : ९८ भागिले १३, म्हणजे ७.५४. आता क्रम बदलला. बोर्डगेमगीक या संकेतस्थळावरची क्रमवारीही याच तत्त्वावर बसवलेली असते, म्हणून तिथे थोड्याच लोकांनी १० दिलेले खेळ माथ्यावर दिसत नाहीत.

नियमच चुकीचे खेळलो हे नंतर लक्षात आलं. ते डाव धरायचे का?

धरू नका. वहीत त्या ओळीपुढे फुली मारा आणि नीट नियमांनी पुन्हा खेळा. ‘हा खेळ रटाळ आहे’ या तक्रारीमागे पुष्कळदा एक चुकलेला नियम असतो. नेहमी चुकणाऱ्या जागा अशा :

*कॅटन.* ७ पडल्यावर पत्ते टाकायचे ते हातात ७ पेक्षा जास्त असतील तरच, म्हणजे ८ पासून. ७ असतील तर टाकायचे नाहीत. निम्मे टाकताना अपूर्णांक सोडून द्यायचा : ९ असतील तर ४ टाका. सुरुवातीला संसाधनं मिळतात ती फक्त दुसऱ्या वस्तीची. विकत घेतलेला डेव्हलपमेंट पत्ता त्याच पाळीत खेळता येत नाही, विजयगुणाचा पत्ता तेवढा अपवाद. पाळी आपली असतानाच १० गुणांवर जिंकता येतं. आकड्यांची गोल टोकनं आपल्या मनाने वाटली तर लाल ६ आणि ८ शेजारी-शेजारी येऊ देऊ नका. तिथे वस्ती टाकणारा एकटाच पुढे पळतो, बाकीचे तासभर फासे टाकत बसतात आणि दोष खेळाला जातो.

*अझूल.* पहिला जो मधल्या ढिगातून उचलतो त्याला पुढच्या फेरीची पहिली पाळी मिळते, पण १ लिहिलेली ती फरशी त्याच्या खालच्या दंडाच्या ओळीत जाते आणि गुण कापते. पुष्कळ घरी ती नुसतीच बाजूला ठेवतात. मग आधी उचलायला काही किंमतच राहत नाही आणि खेळातली अर्धी ओढाताण निघून जाते. दंडाची ओळ सात घरांची : १, १, २, २, २, ३, ३. म्हणजे सातही भरली तर १४ गुण गेले. भिंतीवर ज्या ओळीत निळी फरशी लागली आहे त्या ओळीसमोर पुन्हा निळ्या गोळा करता येत नाहीत, हाही विसरला जाणारा नियम. थाळ्या दोघांत ५, तिघांत ७, चौघांत ९ आणि प्रत्येक थाळीत ४ फरश्या. शेवटचे गुण मोजायला विसरू नका : पूर्ण आडवी ओळ २, उभी ७, एका रंगाच्या पाचही फरश्या १०.

*तिकीट टू राईड (नकाशावर रेल्वेमार्ग जोडायचा खेळ).* समोर उघडा पडलेला इंजिनाचा रंगीबेरंगी पत्ता घेतला की त्या पाळीत दुसरा पत्ता नाही. गठ्ठ्यातून नकळत इंजिन आलं तर मात्र दुसरा घेता येतो. दुहेरी मार्गांपैकी दोघा-तिघांच्या डावात एकच वापरायचा. न जमलेल्या तिकिटाचे गुण वजा होतात. याचा भारताचा नकाशाही निघालेला आहे, स्वित्झर्लंडसोबतच्या एका संचात. मूळ डाव एकदा अंगवळणी पडला की घ्यायला छान.

*किंगडोमिनो.* मुकुट नसलेल्या प्रदेशाला शून्य, मग तो कितीही मोठा असो. ६ चौकोन आणि २ मुकुट म्हणजे १२ गुण. राज्य ५ × ५ च्या बाहेर जाता कामा नये.

कोडनेम्स (एका शब्दाच्या सुगाव्यावरून आपल्या संघाचे शब्द ओळखायचा खेळ) इंग्रजीत आहे, आजीला खेळता येत नाही. त्याला यादीतून काढायचं का?

काढू नका, मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या करा. कोडनेम्सचा जीव शब्दांच्या दुहेरी अर्थात आहे आणि मराठीत तशा शब्दांची रेलचेल आहे. सर (पावसाची, मोत्यांची, शाळेतले), बोट (हाताचं, समुद्रातलं), अंक (गणितातला, नाटकाचा, दिवाळीचा), पान (झाडाचं, वहीचं, विड्याचं, पंगतीतलं), पाट (बसायचा, पाण्याचा), पट्टी (जखमेची, मोजायची, गाण्याची), कळ (विजेची, पोटातली), हार, वर, नाव, पार, तार, तीर, सूर, कर, भाव, माळ.

करायची रीत अशी. १५० ते २०० नामं निवडा. एका डावाला २५ लागतात, म्हणजे २०० शब्दांत ८ डाव एकही शब्द परत न येता होतात. दुहेरी अर्थाचे शब्द साधारण निम्मे ठेवा, बाकी साधे : डबा, नारळ, पूल, पोलीस, घुबड. सगळेच दुहेरी घेतले तर सुगावा देणारा गोंधळून जातो. जाड कार्डपेपर घ्या, कारण वहीच्या कागदावर मागून अक्षरं दिसतात. शब्द दोन्ही बाजूंनी वाचता यावेत म्हणून तो सरळ आणि उलटा असा दोनदा लिहा. गुप्तहेरांची कार्डं आणि नकाशापत्ते खोक्यातलेच वापरा : सुरुवात करणाऱ्या संघाचे ९, दुसऱ्याचे ८, तटस्थ ७, मारेकरी १.

भांडणं टाळायला मराठीपुरते तीन नियम आधी ठरवा. सुगावा मूळ रूपात द्यायचा : ‘पाऊस’ चालेल, ‘पावसात’ नाही. सामासिक शब्द एकत्र लिहिला जात असेल तर तो एकच शब्द : ‘पोळपाट’ चालेल, पण टेबलावर ‘पाट’ नसेल तरच. टेबलावर ‘पाणी’ असेल तर पाणपोई, पाणवठा, पाणबुडी सगळं बाद. मग ‘पाऊस, २’ (म्हणजे पावसाशी जुळणारे दोन शब्द) म्हटलं की छत्री लगेच उचलली जाते आणि ‘सर’ वर संघ अडतो. कोणीतरी ‘अगं, शाळेतले सर!’ म्हणत पुढे जातं आणि खेळ रंगतो.

बाकी खेळांपैकी अझूल आणि किंगडोमिनोत वाचायला काही नसतंच, नियम एकाने समजावले की पुरतं. विंगस्पॅनच्या १७० पक्षी-पत्त्यांवर मात्र मजकूर आहे. तो जर्मनीहून कोणी जर्मन भाषेतला आणला तर डाव कठीण.

जर्मनीचा प्रसिद्ध पुरस्कार पाहून निवडलं तर चालेल का?

खरेदीसाठी तो उत्तम वाटाड्या आहे. श्पील देस यारेस, म्हणजेच ‘वर्षाचा खेळ’, १९७९ पासून दिला जातो. पहिला मान डेव्हिड पार्लेट यांच्या ससा-कासवाच्या शर्यतीच्या खेळाला मिळाला. त्यात गाजरं हे इंधन असतं. पुढे १९९५ ला कॅटन, २००१ ला कार्कासोन, २००४ ला तिकीट टू राईड, २०१३ ला हनाबी, २०१६ ला कोडनेम्स, २०१७ ला किंगडोमिनो, २०१८ ला अझूल, २०२२ ला कॅस्केडिया, २०२४ ला स्काय टीम, २०२५ ला बॉम्ब बस्टर्स. निवड समीक्षकांचं मंडळ करतं.

खोक्यावर छापलेल्या या पुरस्काराच्या सोंगटीचा रंग नीट पाहा. लाल म्हणजे कुटुंबासाठी. निळी मुलांच्या खेळासाठी, २००१ पासून. काळपट करडी थोड्या मुरलेल्या खेळाडूंसाठी, २०११ पासून. विंगस्पॅन २०१९ चा करड्या सोंगटीचा मानकरी. ‘पुरस्कार मिळालाय’ एवढंच ऐकून पहिलाच खेळ म्हणून तो घरी आणला की समजावण्यातच अर्धा-पाऊण तास जातो आणि पाहुणे मोबाइल काढतात.

या पुरस्काराकडून गटाने घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वर्गवारी. नामांकनं मे महिन्यात आणि लाल सोंगटीचा निकाल जुलैत, हे मधलं अंतरही घेण्यासारखं.

हलका आणि भारी खेळ एकाच यादीत ठेवायचे?

गट १० पेक्षा मोठा असेल तर दोन याद्या करा. सीमा ठरवायला खोक्यावरचं वय बघू नका, नियम समजावण्याची मिनिटं बघा. १५ मिनिटांत समजावून होतो तो हलका. किंगडोमिनो ५, अझूल आणि तिकीट टू राईड १०, कॅटन १५ ते २०, विंगस्पॅन ३० असा आमचा साधारण अंदाज. कॅटन सीमेवर येतो. तो कुठे घालायचा ते गटाने ठरवावं.

कॅरम, बुद्धिबळ, सारीपाट यांना धरायचं का?

जरूर. मात्र कॅरमबोर्ड घरात असला की तो दरवर्षी जिंकेल, म्हणून ‘कायमचे खेळ’ अशी वेगळी निवड ठेवा. सारीपाट ज्यांनी कधीच खेळला नाही त्यांच्यासाठी तो नवा खेळच आहे : अधिक-चिन्हाच्या आकाराचा कापडी पट, चार रंगांच्या १६ सोंगट्या, लांबट फासे. पहिल्यांदा उघडला तर मुख्य यादीत घ्या. सहा भिडू असतील आणि खेळ चौघांचा असेल, तर जोड्या करून बसता येतं हा त्याचा मोठा गुण.

मिळून खेळायच्या खेळांना मत कसं द्यायचं? त्यात कोणी जिंकतच नाही.

सगळ्यांसारखंच. फक्त एक गोष्ट तपासा : एकच माणूस सगळ्यांच्या पाळ्या ठरवत होता का? तसं असेल तर बाकीच्यांचं मत त्या माणसाबद्दलचं असतं. ज्या खेळांत माहिती लपलेली असते तिथे हे आपोआप टळतं. हनाबीत आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत, समोरच्यांना दिसतात. स्काय टीममध्ये फासे टाकल्यावर बोलायचंच नाही.

स्काय टीम फक्त दोघांचा आहे. मोठ्या गटात अशा खेळाला पुरेसे मतदार मिळणं कठीण, म्हणून जोडीच्या खेळांची स्वतंत्र निवड ठेवणं न्यायाचं.

एक्स्पान्शन, म्हणजे मूळ खेळाला जोडायचा पुरवणी संच, वेगळा उमेदवार?

नाही. मूळ खेळाच्याच ओळीत नोंदवा.

ज्याने खेळ विकत आणला त्याने त्यालाच मत दिलं तर?

देऊ द्या, त्याचा हक्क आहे. पसंतीक्रमात त्याचीही चिठ्ठी एकच मोजली जाते. खरा प्रश्न संकोचाचा असतो : यजमानाने महागाचा खोका आणला आहे, तर नावडता म्हणायचं कसं? त्यावर चिठ्ठी गुप्त ठेवणं आणि मोजणी यजमानाव्यतिरिक्त दोघांनी करणं एवढं पुरतं. हरलेल्यांचे आकडे मोठ्याने वाचू नका.

बरोबरी झाली तर?

वही काढा. जास्त वेगवेगळ्या दिवशी उघडलेला खेळ जिंकला. तेही सारखं असेल तर जास्त माणसांनी खेळलेला. तेही सारखं असेल तर दोघे मानकरी. नाणं उडवू नका.

मागच्या वर्षीचा विजेता परत उभा राहू शकतो?

दोन वर्षं विश्रांती द्या. त्यानंतर तो ‘कायमचे खेळ’ या निवडीत जातो.

सोंगटी हरवली, पत्ते वाकले. अशा खेळावर मत बरोबर येईल?

येत नाही. डागाळलेला किंवा वाकलेला पत्ता पाठीमागून ओळखू येतो आणि लपवाछपवीचा खेळच संपतो. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर पत्ते कमानीसारखे होतात. नेहमीच्या ६३.५ × ८८ मिलिमीटरच्या पत्त्यांना त्याच मापाचे स्लीव्ह (प्लॅस्टिकची पारदर्शक पाकिटं) घाला. विकत घेण्याआधी पत्ता पट्टीने मोजा, कारण खेळागणिक माप बदलतं. खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि रबर बँड पत्त्यांना लावू नका, कडा दबतात. झिपच्या छोट्या पिशव्या लावा.

आवरताना मोजणी करा. अझूलच्या फरश्या १००, प्रत्येक रंगाच्या २०. कॅटनमध्ये प्रत्येक रंगाचे १५ रस्ते, ५ वस्त्या, ४ शहरं. तिकीट टू राईडमध्ये प्रत्येकाचे ४५ डबे. हे आकडे कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. जे हरवलं ते त्याच रात्री सतरंजीखाली सापडतं, आठवड्याने केरात गेलेलं असतं.

एकही खेळ मनापासून आवडला नसेल तर?

पहिल्या टप्प्यात कोणत्याच खेळाला निम्म्या मतदारांच्या खुणा मिळाल्या नाहीत, तर त्या वर्षी मान देऊ नका. वहीत ‘या वर्षी निवड नाही’ असं लिहा आणि पुढच्या वर्षासाठी कोणत्या लांबीचे, किती भिडूंचे खेळ हवेत ते खाली नोंदवा. बहुतेक वेळा उत्तर सहाव्या रकान्यात सापडतं : ४ पैकी ४ हात कोणत्या डावांना वर गेले होते ते पाहा आणि त्या जातीचा पुढचा खेळ घ्या.

निकाल लागल्यावर काय करायचं?

खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने वर्ष, पहिल्या आणि शेवटच्या फेरीतली मतं आणि मतदारांची संख्या लिहा. पेनाची शाई पुठ्ठ्यात पसरते. मग खोका उघडा आणि जिंकलेल्या खेळाचा डाव त्याच संध्याकाळी सुरू करा. पहिली पाळी त्याची, ज्याने तो खेळ यंदा सर्वांत जास्त लोकांना शिकवला. पाचव्या रकान्यात ते नाव सापडेल.